आकाशात हॉर्न नसतो

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढाच, उरलेला मनाने घातला आहे, तो पोचता करून घे).

तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब घालताना अजून तोंड उघडतेस का? मागे आलो होतो तेव्हा औषध डोळ्यांत कमी आणि जिभेवर जास्त पडत होतं. मोरीतला नळ दुरुस्त झाला का, की अजून त्याखाली बादली ठेवून त्याच पाण्यावर झाडं जगवतेस? इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या भावजयीचा खांदा आता वर जातो, पण फक्त मला दार दाखवायचं असेल तेव्हा. जावई माझं ड्रायव्हिंग स्कूल व्यवस्थित चालवतोय. (तो शिकणाऱ्यांवर ओरडत नाही. त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकांना आपण काही शिकलोच नाही असं वाटतं, असं कानावर येतं.)

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूमच तो. विमान बंद कर, बंद केलंस की कळव, तोवर मला पत्र लिहू नकोस. एवढ्यावर तू खाली सही करून मोकळी झालीस, आशीर्वादसुद्धा लिहिला नाहीस. मी ते हातात धरून बराच वेळ जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. आता विमान बंद न करता पत्र लिहितोय, म्हणजे तुझी आज्ञा मोडतोय, हे मला कळतं. पण माझी बाजू मांडल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण तुझ्या भावजयीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय की वन्संनी हो म्हटलं तर माझी काही हरकत नाही. (तू नाही म्हणणार याची तिला इतकी खात्री होती की तिने त्या दिवशी भांडणसुद्धा केलं नाही. शांतपणे भाजी निवडत बसली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.) मीही बोलण्याच्या भरात तिला शब्द देऊन बसलो की ताई नाही म्हणाली तर सोडेन. तेव्हा माझं उडणं आता इंजिनावर नाही, तुझ्यावर अवलंबून आहे.

तू का घाबरतेस ते मला ठाऊक आहे. आई कामावर जायची आणि मी तुझ्या ताब्यात असायचो. मी तर दिसेल त्यावर चढायचो. भिंत, झाड, शाळेची गच्ची, आणि ती पाण्याच्या टाकीची गंजकी शिडी. बाकीच्यांच्या बहिणी खालून ‘उतर, उतर’ म्हणून गळा काढायच्या. तू कधी उतर म्हणाली नाहीस. मुकाट्याने यायचीस, फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पसरायचीस आणि बरोबर माझ्याखाली उभी राहायचीस. मी वरून हाक मारली की म्हणायचीस, ‘मी आहे खाली.’ (मी तेव्हाही अंगाने तुझ्या दीडपट होतो. पडलो असतो तर त्या फ्रॉकचं, तुझं आणि माझं मिळून एकच गाठोडं उचलावं लागलं असतं.) आता एवढ्या उंचीखाली आपण कुठे म्हणून उभं राहायचं, ही तुझी खरी अडचण आहे. ती मला मान्य आहे. तरी वाच.

हे खूळ डोक्यात शिरलं कसं ते आधी सांगतो. विमानतळ म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर जे येत असेल तसलं इथे काही नाही. गावाबाहेर एक लांबलचक मैदान, त्याच्या मधोमध डांबराची पट्टी, एक पत्र्याची शेड, एक चहाची खोली आणि जिन्यावरची एक काचेची खोली, जिला सगळे आदराने टॉवर म्हणतात. दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढी लहान विमानं तिथे उडतात. त्या मैदानाच्या कुंपणाबाहेरचा रस्ता ओसाड, म्हणून मी आयुष्यभर नवशिक्यांना तिथेच नेत आलो. कुंपणापलीकडे विमान उठलं की शिकणारा वर बघायचा आणि गाडी गटाराकडे निघायची. म्हणून माझा पहिला धडा एकच, नजर रस्त्यावर. हा नियम त्यांना होता, मला नव्हता. जावयाच्या हातात किल्ल्या दिल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पाय आपसूक त्याच कुंपणाशी गेले. जवळ गाडी नाही, शिकणारा नाही, ओरडायला कोणी नाही. एक विमान उठलं आणि जन्मात पहिल्यांदा मी मान पूर्ण वर करून, ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. ते गेलं तरी माझी मान काही खाली येईना. मग फाटकातून आत गेलो आणि या वयात शिकवता का म्हणून विचारलं. टेबलामागे आपल्या लेकीच्या वयाची एक मुलगी बसली होती. ती म्हणाली की डोळे, कान आणि हृदय चालू असेल तर शिकवतो. मी म्हटलं, तिन्ही माझ्याकडे आहेत, चालू आहेत का ते डॉक्टरांना विचारून सांगतो. हीच माझी कॅप्टनबाई.

पहिल्या दिवशीच फजिती झाली. तुला माहीत आहे, गाडीत शिकणारा उजवीकडे बसतो आणि मी डावीकडे. विमानात उलटं आहे. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे. कॅप्टनबाईंनी मला डावीकडे बसवलं, पट्टा बांधला, सगळी बटणं समजावली आणि म्हणाल्या, चला. मी हाताची घडी घालून आरामात मागे रेललो. आयुष्य डाव्या जागेत गेलेल्या माणसाला उजवीकडचा माणूस गाडी काढणार हे सांगावं लागत नाही. त्या माझी वाट बघत होत्या, मी त्यांची. बराच वेळ असा गेल्यावर मी त्यांना अगदी प्रेमाने म्हणालो, घाबरू नका, क्लच हळू सोडा. (त्यांनी हे नंतर सगळ्या मैदानाला सांगितलं. अजून मी चहा प्यायला गेलो की कोणीतरी क्लचची चौकशी करतं.)

पण ताई, त्याआधी जे झालं ते सांगायलाच हवं. विमानात बसण्याआधी ती पोरगी त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारते. पंखाची एकेक बिजागरी बोटाने हलवून बघते. पंखाखालून थोडं पेट्रोल एका छोट्या पारदर्शक नळीत काढते आणि पाणी तर शिरलं नाही ना म्हणून उजेडात धरून बघते. चाकाशी वाकते, पंख्याच्या पात्यावरून तळवा फिरवते. मी जन्मभर लोकांना सांगत आलो की गाडीत बसण्याआधी भोवती एक फेरी मारा. एकानेही कधी मारली नाही, कपाळाला आठ्या घालून सरळ आत बसायचे. इथे हे रोज, दर वेळी, कोणी बघत नसतानाही होतं. मला तिथेच भरून आलं. मी चष्मा पुसला आणि पेट्रोलचा वास डोळ्यांना झोंबतो असं सांगितलं.

पहिल्यांदा वर गेलो तेव्हा मी काहीच चालवलं नाही, नुसता बसलो होतो. विमान पट्टीवर धावत होतं, चाकं खडखडत होती, सगळा पत्रा थरथरत होता, आणि मी मनात म्हणत होतो की ही गाडी आधी गॅरेजला न्यायला हवी. आणि एकदम खडखड थांबली. इंजिन चालूच होतं, पण चाकांचा आवाज संपला. जमीन सुटली हे मला डोळ्यांनी नाही, कानांनी कळलं. मी खाली बघितलं तर पट्टी आमच्याखालून अलगद निघून चालली होती. ताई, हवा म्हणजे काही नाही असं आपण समजतो, रिकाम्या डब्यात नुसती हवा आहे म्हणतो. ती काही नाही असं नाही. ती धरते. मला आणि त्या पोरीला आणि एवढ्या लोखंडाला तिने हातावर घेतलं होतं, आणि हाताला जराही कंप नव्हता.   आजवर जेवढे रस्ते मी लोकांना ओरडून ओरडून पार करायला लावले, ते सगळे खाली दोऱ्यासारखे पडले होते.

घरी येऊन हे सगळं सांगितलं. तुझ्या भावजयीने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘तिथे वर बंद पडलं तर ढकलायला कोण?’

मग खरं शिक्षण सुरू झालं, म्हणजे माझे हाल. माझा उजवा पाय तुला माहीत नाही. माझ्या गाडीला माझ्या बाजूलाही ब्रेक होता आणि तो पाय जन्मभर त्यावरच राहिला. गाडी जावयाला दिली, पण पाय घरी आला ना. विमानात पायाशी दोन पॅडल असतात, पण आकाशात ती दाबली की विमान थांबत नाही, नाक फिरवतं. समोर ढग आला की मी सगळ्या ताकदीने उजवा पाय दाबायचो आणि विमान झटका देऊन उजवीकडे बघायचं, जसं काही तिकडून कोणी हाक मारली. कॅप्टनबाईंनी पुष्कळ सोसलं. शेवटी एकदा म्हणाल्या, ‘काका, आकाशात ब्रेक नसतो.’ हे वाक्य मी घरी जाऊन कितीतरी दिवस चघळत होतो. त्यांनी मला गृहपाठ दिला. तुझ्या भावजयीच्या लोकरीचा गुंडा खुर्चीखाली ठेवायचा, त्यावर उघडा उजवा पाय टेकवायचा आणि टीव्हीवर गाड्यांच्या पाठलागाचे सिनेमे बघायचे. गुंडा चेपता कामा नये. (सुरुवातीला इतका चेपायचा की त्या लोकरीचा जो स्वेटर झाला तो मला छातीवर सपाट बसतो.) त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पाय सुटल्याशिवाय मी तुम्हाला एकट्याने सोडणार नाही. आणि एकट्याने उडाल्याशिवाय या विद्येत पुढचं दार उघडत नाही.

पाय सुटला, पण अंगठा राहिला. माझ्या गाडीत माझ्या डाव्या अंगठ्याखाली मी वेगळं हॉर्नचं बटण बसवून घेतलं होतं, कारण शिकणारा वळणावर सगळं करतो, हॉर्न सोडून. विमानाच्या स्टीयरिंगवर नेमक्या त्याच जागी एक बटण आहे. ते दाबून बोललं की टॉवरला ऐकू जातं. आता वळण आलं की अंगठा दाबणं हे माझ्या रक्तात आहे. त्यामुळे मी वळायला लागलो की टॉवरवर खट् व्हायचं आणि नुसती घरघर यायची. काचेच्या खोलीतल्या बाई कामापुरतं बोलणाऱ्या. पट्टी मोकळी, वारा अमुक दिशेचा, बस. त्यांना यंत्र बिघडल्यासारखं वाटलं. मेकॅनिकने ते कितीदा उघडलं, वायरी बदलल्या, चहाच्या खोलीतला कर्णासुद्धा बदलला (टॉवरचं सगळं बोलणं तिथे ऐकू येतं, लोक चहा पिता पिता ऐकतात). तुझी भावजय मी उडायला गेलो की त्याच कर्ण्याखाली विणत बसते. वर मात्र कधी बघत नाही.

आता तुझ्यापासून लपवलेली गोष्ट सांगतो. गेल्या आठवड्यात तुझं पत्र वाटेत होतं, माझ्या हातात पडलं नव्हतं, म्हणून ही आज्ञाभंगात धरू नकोस. सकाळी दोन-तीनदा उतरून दाखवल्यावर कॅप्टनबाईंनी विमान बाजूला घ्यायला लावलं, दार उघडलं, आपला पट्टा रिकाम्या जागेवर नीट बांधून ठेवला आणि खाली उतरल्या. इंजिन चालू होतं. ‘एक फेरी मारून या,’ म्हणाल्या, आणि पाठ फिरवून चालायला लागल्या. आमच्या धंद्यात शिक्षक गाडीतून उतरतो तो फक्त ढकलायला. ही पोरगी वळूनसुद्धा बघेना. मी शेजारच्या जागेकडे बघितलं. जन्मभर त्या उजव्या जागेत कोणीतरी घाबरलेला माणूस बसलेला होता आणि मी त्याला धीर देत होतो. आता तिथे कोणी नव्हतं आणि घाबरलेला माणूस डावीकडे होता.

तिच्या वजनाने विमान हलकं झालं होतं, ते नेहमीपेक्षा आधीच उठलं. खडखड थांबली आणि मी एकटा. मी रिकाम्या जागेला शिकवायला लागलो, दुसरं काही सुचेना. घाई नको, नजर समोर, असं मोठ्याने. आणि पहिल्या वळणानंतर जे दिसलं ते मला लिहिता येत नाही. उन्हं तिरकी होती. आमची सावली खाली शेतांवरून पळत होती, भिंत आली की भिंतीवरून, तळं आलं की तळ्यावरून. आपलं अख्खं गाव, ज्यात मी जन्म काढला, तळहाताखाली झाकलं गेलं. आमची गच्ची दिसली, तिच्यावर वाळत घातलेली गोधडी दिसली. माझ्याखाली कोणाचाही हात नव्हता, फक्त ती हवा, आणि ती मला एकट्यालाही धरत होती. मी म्हातारा माणूस, माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

तेवढ्यात कुंपणाबाहेरचा रस्ता दिसला. तिथे पाटी लावलेली आपली गाडी होती, आत जावई आणि कोणीतरी शिकणारा. शिकणारा माझ्याकडे बघत असणार, कारण गाडी हळूहळू गटाराकडे निघाली होती. मी जीव खाऊन हॉर्न दाबला. दाबला तो दाबूनच ठेवला, अंगठा तिथे चिकटला. त्यामुळे पुढचं माझं सगळं बोलणं टॉवरला आणि चहाच्या खोलीला ऐकू गेलं म्हणतात. काय बोललो ते आता नीट आठवत नाही, सांगण्यासारखं काही नसावं. अंगठा सुटला तेव्हा टॉवरवरच्या बाईंनी, नेहमीपेक्षा मऊ आवाजात, सावकाश यायला सांगितलं. मी आलो. चाकं एकदा टेकली, उडाली, पुन्हा टेकली आणि खडखड सुरू झाली. तो आवाज इतका आपला कधी वाटला नव्हता. उजवा पाय सगळा वेळ लोकरीवर होता.

उतरलो तर तुझी भावजय मैदानाच्या कडेला उन्हात उभी होती, हातात विणकाम, गुंडा मागे दूरवर सोडत आलेला. तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, जे मी कधी लावत नाही, आणि चहा घ्यायला चला म्हणाली. (गाडी गटारात गेली नाही. जावयाने ब्रेक दाबला. त्याचाही पाय तयार होतोय.)

ताई, मला दुसरं काही मागायचं नाही. माझे गुडघे गेले, दात गेले, ओरडण्याचा आवाज गेला. या वयात आपल्याला थक्क करणारं काही उरलं असेल असं मला वाटलं नव्हतं. ते उरलं होतं, आणि गावाबाहेर होतं. तू हो म्हणालीस तर शिकेन. नाही म्हणालीस तर दिलेला शब्द पाळेन आणि कॅप्टनबाईंना तसं सांगेन, तुझ्यावर रुसणारही नाही. उत्तराची वाट बघतो आहे. थेंब तोंड मिटून घाल.

तुझा (हे लिहिताना पूर्णपणे जमिनीवर असलेला)
धाकटा

ता. क. एक सांगायचं राहिलं. लायसन्स मिळालं की शेजारी एक माणूस बसवता येतो. पहिला मान तुझा, ही उजवी जागा मी तुझ्यासाठीच मनात धरली आहे. फक्त विमान लहान असल्यामुळे बसणाऱ्याच्या वजनाचा आधी हिशेब मांडावा लागतो, तेव्हा उत्तरात तुझं वजन कळव. खरं कळव. लग्नाच्या वेळचं नको.

ता. क. दुसरं. तिच्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. ही जागा आधी तुझ्या भावजयीला देऊ केली होती. वजनाचा विषय निघाल्यावर तिने विणकाम उचललं आणि त्या दिवशी मला माझं ताट माझ्या हाताने वाढून घ्यावं लागलं.

ता. क. वन्संना नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. (चिकटवलेलं होतं. किटलीची वाफ दिली.) ह्यांनी गोधडीपासून गटारापर्यंत सगळं लिहिलं आणि वर काय बोलले तेवढंच गाळलं. मी कर्ण्याखालीच बसले होते. आधी जावयावर ओरडले, नजर रस्त्यावर म्हणून. मग नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला, इतका वेळ की माझे टाके सुटले. आणि मग हळूच, लहान मुलासारखं विचारलं, ‘ताई, आहेस ना खाली?’ चहाच्या खोलीत कोणी कप खाली ठेवला नाही. टॉवरवरच्या त्या बाई, ज्या वारा आणि पट्टीपलीकडे कधी शब्द बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, ‘आहे खाली. सावकाश या.’ तेव्हा मी उठून बाहेर गेले.

तुम्ही नाही म्हणाल म्हणूनच मी ह्यांना तुमच्याकडे पाठवलं होतं. आता तुम्ही नाही म्हणालात तर ते ह्यांना वाचून दाखवणं मला जमणार नाही. तेव्हा हो म्हणा आणि इकडे या. वर बसायचं की नाही ते नंतर बघू. खाली उभं राहायला या, मला एकटीला ते झेपत नाही. वजन मात्र कळवू नका. मीही सांगितलेलं नाही.